बारा मिनिटे मागे

आमच्या घरी आजमितीस ३१ मनगटी घड्याळे आहेत. आणि तरीही आम्ही आजवर एकाही लग्नास मुहूर्तावर पोहोचलो नाही, अशी आमच्या सौभाग्यवतींची जुनी तक्रार आहे. तक्रार खोटी नाही. निघण्याच्या घाईत कोणते घड्याळ बांधावे याचा निर्णय होत नाही. झाला तर त्यास चावी दिलेली नसते. आणि चावी देऊन वेळ जुळवीपर्यंत सौंसरची बस पांढुर्ण्यातून निघून गेलेली असते. जन्मभर मास्तरकी करून घंटेच्या ठोक्याला वर्गात शिरलेला माणूस निवृत्तीनंतर असा बेशिस्त व्हावा, याचे आमच्या जुन्या विद्यार्थ्यांनाही नवल वाटते.

घड्याळे जमविणारा माणूस श्रीमंत असावा, अशी लोकांची समजूत असते. आमच्याविषयी ती समजूत बाळगण्याचे कारण नाही. आमच्या संग्रहातील निम्म्याहून अधिक घड्याळे घड्याळजींच्या खणांतून, मोडीच्या भावाने, कधी काच नसलेली तर कधी काटे नसलेली अशी आलेली आहेत. त्यांची आम्ही एक वही ठेवली आहे. वहीत पाच रकाने आहेत : घड्याळाचे नाव, कारखाना, कोठून मिळाले, काय दिले, आणि शेवटचा रकाना 'खरे की नकली'. तीस घड्याळांपुढे हा शेवटचा रकाना आम्ही केव्हाच भरून टाकला. एकाच घड्याळापुढे तो कित्येक वर्षे कोरा राहिला होता. आज सांगावयाचे आहे ते त्या कोऱ्या रकान्याविषयी.

पांढुर्णा आणि सौंसर हा आमचा मुलूख वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. संत्र्यांच्या बागा, कपाशी, मराठी कीर्तने आणि हिंदी कचेऱ्या असा तो मुलूख आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ तिकडे गेला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली या दोन तहसिली छिंदवाड्यातून वेगळ्या होऊन पांढुर्णा हा जिल्हा झाला. आमच्या बोलीत घड्याळास 'घडी' म्हणतात. पुण्याकडील पाहुणे हा शब्द ऐकला की हसतात आणि तुमची मराठी अस्सल नव्हे, असे सुचवितात. अस्सल आणि नक्कल यांचा विचार आमच्या डोक्यात लहानपणापासून आहे तो असा.

आमचे लग्न १९७८ च्या मे महिन्यात सौंसरजवळच्या एका खेड्यात झाले. नवरदेवाला घडी, अंगठी आणि जमल्यास सायकल द्यावी, अशी त्या काळची रीत होती. आमची काही मागणी नव्हती. परंतु सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, एकुलत्या मुलीच्या नवऱ्याच्या हाती 'फॉरेन'ची घडी बांधावयाची होती. त्यांच्या स्वतःच्या मनगटावर एच. एम. टी. चे 'जनता' होते. रोज सकाळी चावी द्यावी आणि निमूट चालावे, असे ते घड्याळ. हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून १९६१ साली बंगलोरला घड्याळांचा कारखाना काढला आणि त्यानंतरच आमच्यासारख्यांच्या घरी घड्याळे आली. मात्र जे देशी असेल आणि शेजाऱ्याच्याही हाती असेल, त्याचे अप्रूप कोणास? लग्नात शोभावयाचे ते स्विस घड्याळ.

आणि स्विस घड्याळ दुकानात सहज मिळत नव्हते. परदेशी घड्याळांच्या आयातीवर निर्बंध होते, जकात जबर होती, आणि म्हणून ती घड्याळे अरबस्तानाच्या वाटेने गलबतांतून मुंबईच्या किनाऱ्यावर चोरून उतरत. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे १२३ वे कलम पाहावे. जप्त झालेला माल चोरटा नाही हे ज्याच्याकडे तो सापडला त्यानेच सिद्ध करावे, असे ते कलम सांगते, आणि त्यात सोन्याच्या जोडीने घड्याळांचेही नाव आहे. एवढा मान दुसऱ्या कोणत्या गृहोपयोगी वस्तूला मिळाला असेल? त्याचा परिणाम असा झाला की, असे घड्याळ घेणारा माणूस पावती मागत नसे, आणि फसला तर पोलिसांत जाऊ शकत नसे. जेथे पावती नाही तेथे नकली मालास रान मोकळे. चोरटा म्हणून विकला जाणारा पुष्कळ माल चोरटाही नसे. तो येथेच कोठे तरी जुळविलेला असे.

मामाजींनी मृगाच्या बहराची संत्री त्या वर्षी झाडावर असतानाच उक्त्या भावाने व्यापाऱ्यास दिली, नागपूरला जाऊन ओळखीच्या ओळखीने एक माणूस गाठला आणि ११०० रुपयांना ती घडी आणली. आमच्या तेव्हाच्या अडीच महिन्यांच्या पगाराएवढी ती रक्कम होती. घरी आणण्यापूर्वी त्यांनी ती जामसावळीच्या हनुमंताच्या पायांशी ठेवली. लग्नमंडपात त्यांनी स्वतः आमच्या मनगटावर ती बांधली. सोनेरी कवच, दुधी तबकडी, तीवर एका नामांकित स्विस कंपनीचे नाव, आणि खाली बारीक अक्षरांत '१७ ज्वेल्स'. मंडपातील माणसे वाकून वाकून पाहत होती. आमच्याही मनात त्या दिवशी अभिमान होता, हे लपविण्यात अर्थ नाही.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात घड्याळात दमटपणा शिरला आणि काच आतून धूसर झाली. पांढुर्ण्यातील एका वृद्ध घड्याळजींकडे आम्ही ते नेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, मागचे झाकण उघडले, क्षणभर आत पाहिले आणि झाकण पुन्हा तसेच ठेवून विचारले, "मास्तर, ही सासुरवाडीची ना?" आम्ही हो म्हटले. मग त्यांनी दुकानाची फळी अर्धी ओढून घेतली. मनुष्याने मनुष्याशी सभ्यतेने कसे वागावे, याचा एवढा उत्तम पाठ आम्हांस दुसऱ्या कोणी दिला नाही. दुकानात दोन गिऱ्हाइके बसली होती आणि त्यांच्यादेखत ते बोलू इच्छीत नव्हते.

घड्याळाच्या पोटात काय असते, ते येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. चावी दिली की एक पोलादी कमान गुंडाळली जाते. ती उलगडू पाहते, आणि तिने एकदम उलगडू नये म्हणून दातेरी चाकांच्या अखेरीस एक पहारेकरी बसविलेला असतो; तो एका वेळी एकच दाता सोडतो. तीच आपली टिकटिक. 'जनता'सारख्या घड्याळात ती सेकंदाला पाच वेळा, म्हणजे तासाला १८,००० वेळा होते. इतक्या वेळा धातूवर धातू घासला तर झिजणारच. म्हणून चांगल्या घड्याळात घर्षणाच्या जागी कृत्रिम माणकांचे खडे बसवितात. ते '१७ ज्वेल्स' म्हणजे हे खडे. आमच्या घड्याळात पहारेकऱ्याच्या जागी माणके नव्हती. साध्या पोलादी खिळ्या होत्या.

घड्याळजींनी आम्हांस पुढे सांगितले, की या खिळ्यांच्या यंत्राचाही एक इतिहास आहे. रॉस्कॉफ नावाच्या कारागिराने स्वित्झर्लंडमध्ये १८६७ च्या सुमारास मजुरांसाठी अवघ्या वीस फ्रँकांचे घड्याळ काढले. त्यात त्याने खर्च वाचवून अशा खिळ्या वापरल्या, आणि त्या घड्याळाने गरिबांना पहिल्यांदा स्वतःची वेळ दिली. अर्थात आमच्या घड्याळातील यंत्र त्याच कुळातले, एका प्रामाणिक गरिबाचे होते. खोटे बोलत होती ती केवळ तबकडी.

"सांगू नका कोणाला," घड्याळजी म्हणाले. "म्हातारा माणूस आहे. त्याने काही तुम्हांला फसवलं नाही."

आम्ही सांगितले नाही. सौभाग्यवतींनाही नाही. त्या वेळी त्यात काही अवघड वाटले नव्हते. खोटे बोलावयाचे नव्हते, केवळ गप्प राहावयाचे होते. परंतु ते घड्याळ दिवसाला बारा मिनिटे मागे पडे, आणि मग आमच्या ध्यानात आले की गप्प राहण्यासही रोज चावी द्यावी लागते. सकाळी आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावर बातम्यांपूर्वी वेळेचे ठोके वाजत. घरातील मंडळी उठण्यापूर्वी आम्ही त्या ठोक्यांवर काटे बारा मिनिटे पुढे करीत असू. दोन वर्षांत सोन्याचा मुलामा उडून पितळ दिसू लागले, तेव्हा घामामुळे असे होते असे घरात सांगून आम्ही नागपुरास इतवारीत जाऊन त्यावर पुन्हा पाणी चढवून आणले. नकली घड्याळास खरे ठेवण्यात आमचा जेवढा पैसा आणि वेळ गेला, तेवढ्यात एक साधे खरे घड्याळ आले असते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार भरते. मामाजी दरवर्षी त्या निमित्ताने आमच्याकडे मुक्कामास येत. आल्याबरोबर पायांवर पाणी घेत आणि पहिला प्रश्न विचारीत, "जवाईबुवा, घडी बराबर चालते ना?" आम्ही म्हणत असू, "एक मिनिट मागेपुढे नाही, मामाजी." नदीकडे निघताना ते आम्हांस घड्याळ काढून ठेवावयास लावीत. "एखादा गोटा लागला तर? माणसाची जखम भरते, घडीची नाही भरत." स्वतःच्या मनगटावरील 'जनता' मात्र ते तसेच राहू देत. १९९४ च्या हिवाळ्यात सौंसरच्या घरी ते अंथरुणाला खिळले असता आम्ही भेटावयास गेलो, तेव्हाही त्यांनी हाताच्या खुणेने मनगटाकडे बोट केले. आम्ही मान हलविली. ते आमचे त्यांच्याशी शेवटचे बोलणे.

आमचा छंद सुरू झाला तो या घड्याळाच्या निमित्ताने. आपण एकदा फसलो. पुन्हा कोणी फसू नये एवढे तरी शिकावे, म्हणून आम्ही शाळा सुटल्यावर त्या घड्याळजींच्या दुकानी बसू लागलो. झाकण कसे उघडावे, भिंगातून कोठे पाहावे, नुसत्या आवाजावरून यंत्र कसे ओळखावे, हे त्यांनी हळूहळू शिकविले. पुढे जपानने १९६९ साली आणलेली क्वार्ट्झची घड्याळे आपल्याकडेही पसरली, १९८७ पासून टायटन आले, आणि चावीची घड्याळे लोकांनी खणांत टाकून दिली. आम्ही ती उचलीत गेलो. निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याकडून वेस्ट एंडचे 'सोवार प्राइमा', एका वकिलांच्या वारसांकडून फेवर ल्युबा, काळ्या तबकडीचे 'पायलट', लग्नसराईत ज्यासाठी लोक वशिले लावीत ते 'कांचन', आणि तबकडीवर देवनागरीत नाव लिहिलेले 'जनता', अशी ही मंडळी आमच्या पेटीत जमली.

आणि जमविता जमविता एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. २०१६ साली केंद्र सरकारने एच. एम. टी. ची घड्याळांची कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला आणि एके काळी ज्यांना कोणी विचारीत नव्हते त्या घड्याळांचे भाव वाढले. भाव वाढताच नकला आल्या. जुन्या तबकड्या खरवडून त्यांवर भडक निळे-नारिंगी रंग दिलेली, एकाचे कवच, दुसऱ्याचे यंत्र आणि तिसऱ्याचे काटे जुळविलेली घड्याळे विकली जाऊ लागली. संग्राहक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. एच. एम. टी. ची गोरगरिबांची घड्याळेही त्यातून सुटली नाहीत! मामाजींना हे सांगितले असते तर ते पोट धरून हसले असते.

नक्कल ही काही आजची गोष्ट नव्हे. पॅरिसचा थोर घड्याळकार ब्रेगे याच्या नावाची खोटी घड्याळे इतकी निघू लागली, की १७९५ च्या सुमारास त्याने तबकडीवर एक गुप्त सही कोरावयास आरंभ केला. ती तिरप्या उजेडातच दिसते. मात्र या इतिहासाची दुसरी बाजूही आहे. स्विस कारागीर इंग्रज-फ्रेंचांकडून शिकले, जपानी लोक स्विसांकडून शिकले, आणि आमची एच. एम. टी. जपान्यांकडून शिकली. 'जनता'चे यंत्र मुळात सिटिझनच्याच घराण्यातले. मग त्यास नकली का म्हणू नये? कारण त्याच्या तबकडीवर एच. एम. टी. असेच लिहिलेले आहे. दुसऱ्यासारखे करणे हे शिक्षण आहे. दुसऱ्याच्या नावाने सही करणे ही लबाडी आहे. आमच्या बोलीत हिंदी शब्द आले आहेत, परंतु आम्ही ती पुण्याची म्हणून कोणास विकली नाही.

इतके सगळे ज्ञान आम्ही गोळा केले, आणि तरीही वहीतील तो एक रकाना कोराच होता. तो भरण्याची वेळ गेल्या वर्षी आली.

सौभाग्यवतींचा भाचा, म्हणजे मामाजींचा नातू, पुण्यास संगणकाच्या कंपनीत नोकरीस आहे. त्याच्या बहिणीचे लग्न ठरले होते. तो एका दुपारी आमच्याकडे आला आणि खिशातून एक डबी काढून म्हणाला, "आतोबा, तुम्ही जाणकार आहात. हे कसे वाटते?" डबीत रोलेक्स होते, म्हणजे तसे लिहिलेले होते. आम्ही ते हाती घेतले. वजन बरे होते, पोलादावरची झिलई उत्तम होती. तारखेवरील भिंग मात्र अंक पुरेसा मोठा दाखवीत नव्हते. अस्सल घड्याळात तो अडीच पट मोठा दिसतो. सेकंदाच्या काट्याची चालही किंचित अडखळत होती. अस्सल यंत्र सेकंदाला आठ ठोके देते. झाकण उघडून आत पाहिले. चिनी यंत्र होते, वाईट नव्हते.

"फर्स्ट कॉपी आहे," तो हसून म्हणाला. "साडेसहा हजार. खरे घ्यायचे तर काही लाख. होणाऱ्या जावयांना द्यायचे आहे. नागपूरचे मोठे घर आहे; मांडवात चार माणसांत दिसले पाहिजे."

"ते नकली आहे, असे त्यांना सांगणार?"

"खरे आहे असे मी म्हणणार नाही. कोणी विचारले नाही, तर काहीच बोलणार नाही."

हे गप्प राहणे आमच्या चांगल्या परिचयाचे होते.

त्याचे म्हणणे अगदीच पोकळ होते असे नाही. या बड्या कंपन्या पोलादाचे थोडे आणि नावाचे फार पैसे घेतात, हे खरेच आहे. स्वतःच्या पैशाने, सर्व जाणून, स्वतःच्या हौसेखातर नक्कल बांधणारे पुष्कळ आहेत. ते म्हणतात की आम्ही कोणास फसवीत नाही. आम्ही त्यास सांगितले की खोट्या नावाचा माल विकणाऱ्यास १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याने सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तो म्हणाला, "मी कुठे विकतो आहे? भेट देतो आहे." कायद्याने त्याचे समाधान होणार नव्हते. तेव्हा आम्ही उठलो, पेटीतून मामाजींची घडी काढून त्याच्यापुढे ठेवली आणि १९७९ च्या पावसाळ्यापासूनची सगळी हकीकत त्यास सांगितली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता; आमचे बोलणे तेथवर जाणार नाही, अशा समजुतीने आम्ही बोलत होतो. "तुझ्या आजोबांना कोणी तरी फसवले," आम्ही म्हणालो, "त्यांच्या मनात खोटे नव्हते. तू मात्र जाणूनबुजून देणार आहेस. उद्या त्या जावयांना कोणी घड्याळजी असाच आत बोलावून सांगेल, तेव्हा त्यांनी काय करावयाचे? आमच्यासारखे रोज बारा मिनिटे पुढे करीत बसावयाचे?"

भांड्यांचा आवाज थांबला होता हे आमच्या लक्षात उशिरा आले. सौभाग्यवती चहाचे कप घेऊन दाराशी उभ्या होत्या.

"बाबांना कळलं होतं?" त्यांनी विचारले.

"ठाऊक नाही," आम्ही म्हणालो. तेच खरे होते.

त्यांनी कप खाली ठेवले. त्या रागावल्या नाहीत; रागावल्या असत्या तर बरे झाले असते. भाचा संध्याकाळच्या गाडीने गेला. रात्री जेवणे झाल्यावर त्या इतकेच बोलल्या : "घराचा स्लॅब पडायचा होता, पैसे कमी पडत होते. मी म्हटलं होतं, बाबांची घडी विका. तुम्ही म्हणालात, मामाजींची आठवण आहे, विकायची नाही. आणि पतपेढीचं कर्ज काढलंत. मला त्या दिवशी केवढं बरं वाटलं होतं, अहो."

यावर आम्हांस उत्तर सुचेना. आम्ही तेव्हा म्हणालो ते खोटे नव्हते. आठवण होतीच. परंतु ती विकावयास नेली असती तर चार आणेही आले नसते, हेही आम्हांस ठाऊक होते. आणि त्या दोहोंपैकी कोणत्या कारणाने आम्ही नकार दिला, ते आज प्रामाणिकपणे सांगता येत नाही. गप्प राहून आम्ही मामाजींची लाज राखली, असे इतकी वर्षे समजत होतो. त्यासोबत घरात आपला मोठेपणाही राखला, हे त्या रात्री प्रथम दिसले.

सकाळी त्या नेहमीप्रमाणे उठल्या, तुळशीला पाणी घातले आणि येऊन आमच्याजवळ बसल्या. "त्या साली बाबांना विहिरीवरचं इंजिन बदलायचं होतं," त्या म्हणाल्या. "नाही बदललं. दुसऱ्या उन्हाळ्यात ते बंद पडलं आणि चाळीस झाडं वाळली. आई म्हणायची, नशीब. मला आता कळलं, ती झाडं कुठं गेली ते." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "घडी खोटी होती. बाबांनी दिलेले पैसे तर खरे होते ना?"

वाचकहो, नकली मालाविषयी आम्ही पुष्कळ वाचले आहे आणि घड्याळजींच्या सहवासात पुष्कळ ऐकले आहे. परंतु एवढे नेमके कोठे आढळले नाही. नकली घड्याळात सगळे नकली असू शकते. तबकडी, सोने, माणके, नाव. त्यासाठी मोजलेला पैसा तेवढा खरा असतो, आणि तो कोणाच्या तरी झाडांतून आलेला असतो.

भाच्याच्या बहिणीचे लग्न यंदाच्या वैशाखात सौंसरला झाले. नवरदेवाच्या हाती देशी बनावटीचे एक साधे घड्याळ होते. भाच्याने ते डबीसकट दिले, आणि डबीत दुकानाची पावती नीट घडी करून ठेवली होती. त्या पावतीकडे पाहून सौभाग्यवतींनी डोळे पुसले. मांडवातील मंडळींना वाटले, भाची सासरी जाते म्हणून. रोलेक्सचे त्याने काय केले, ते आम्ही विचारले नाही. आम्ही त्या लग्नासही मुहूर्त टळल्यावरच पोहोचलो होतो.

परत आल्यावर आम्ही वही काढली आणि सौभाग्यवतींना शेजारी बसविले. कारखाना : अज्ञात. कोठून मिळाले : मामाजींकडून, लग्नात. काय दिले, या रकान्यात आम्ही थांबलो, त्या म्हणाल्या, "अकराशे रुपये आणि चाळीस झाडं." तसे लिहिले. शेवटच्या रकान्यात 'नकली' असे लिहिले. लिहिताना हात अडखळला नाही.

ते घड्याळ आता पेटीत नसते. सौभाग्यवतींनी ते देवघरातील खुंटीवर टांगले आहे आणि सकाळी पूजा झाली की त्याच त्यास चावी देतात. काटे मात्र कोणीही पुढे करीत नाही. ते आपले रोज मागे पडत जाते, आणि कधी काळी योगायोगाने बरोबर वेळ दाखविते, तेव्हा आम्ही दोघे एकमेकांस हाक मारून ते पाहतो.